घारीचं घरटं आणि मामाचे तीन कौल

डोकं फिरलंय मित्रांनो, म्हणून लिहितोय. पेडण्यात मामाच्या गॅलरीत घारीने घरटं केलंय, आत दोन पिल्लं आहेत. महिनाभर रोज बघतोय. नाहीतर मी कुठे एका जागी टिकतो!

"घार घरात बरी नाय रे," म्हणत मामा आज देवळात कौल लावायला गेला. मीही मागोमाग गेलो. मामाने विचारलं, घरटं काढू का? देवाच्या मूर्तीला चिकटवलेल्या फुलाच्या पाकळ्यांतली डावी पडली, म्हणजे नको. परत विचारलं, परत डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली आणि घरी येताच ह्याने काठी उचलली.

"देवाचो हुकूम झालो!"

"मामा, मग आधी दोनदा नको म्हणाला तो कोण?"

गॅलरीच्या दाराला मी कुलूप घातलंय. चावी माझ्या खिशात आहे. मामा ओरडतोय. तुम्हीच सांगा, देवाला किती वेळा विचारायचं?