माझ्या भावातला पाव

राहात्याच्या बाजारातल्या बेकरीवाल्याला सगळे चाचा म्हणतात. गिऱ्हाईक कितीही तापलं तरी त्याचा आवाज चढत नाही. पाव आधी अंगठ्यानं हळूच दाबून बघतो, मग कागदात बांधतो.

मी भंगाराच्या धंद्यात शून्यातून वर आलो, तो घासाघीस करूनच. साखरेचा आजार निघाल्यावर डॉक्टरांनी मैदा बंद करून अख्ख्या गव्हाचा पाव खायला सांगितला. चाचाकडचा ब्राऊन ब्रेड मी पहिल्याच दिवशी भाव पाडून घेतला. तो लगेच कबूल झाला, याचा मला केवढा गर्व होता!

परवाच्या तपासणीत साखर आणखी वाढलेली निघाली. आता इन्सुलिन सुरू करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी तडक बेकरीत गेलो आणि चारचौघांत ओरडलो, "चाचा, काय खायला घालताय मला?"

त्यानं दोन पाव शेजारी शेजारी ठेवले. "ह्यो जड हाय, त्यो गव्हाचा. ह्यो हलका तुमचा. मैदाच हाय, रंग जळक्या साखरेचा. भाव पाडणाऱ्यांसाठी येगळा भाजतो."

मी किंचाळलो, "साखर? अहो, मला डायबिटीस आहे!"

"ते कवा सांगितलं तुमी? तुमी भाव सांगितला. त्या भावात गव्हाचा बसत न्हाई."

त्याच्या चेहऱ्यावर ना लाज होती, ना कपट. माझा राग अजून गेलेला नाही. तो मात्र कागद हातात धरून शांतपणे विचारत होता, "आज कंचा बांधू, शेट?"