वाटीवरचं तपकिरी पान

आमचा अण्णा, विश्वेश्वर, जन्मभर बंगळुरात, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लोखंड घासत राहिला. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात. हा दगड घेऊन बसला. मी त्याची धाकटी बहीण, शेजारीच राहणारी, त्यामुळे चाकाची घरघर माझ्याच कानांच्या वाट्याला.

नाद लावला तो गल्लीतल्या चिनी दंतवैद्यांनी. त्यांचे आजोबा चीनमध्ये पांढरं जेड कोरायचे. हा दगड छिन्नीला दाद देत नाही. फिरत्या चाकावर ओल्या रेतीनं झिजवावा लागतो, हजारो वर्षं तिथं असंच चालत आलंय, असं डॉक्टर सांगत. नदीतल्या गोट्याची तपकिरी साल जुने कारागीर थोडी राखून ठेवत, दगड अस्सल असल्याची खूण म्हणून. घासणं तर अण्णाच्या हाताचं काम. तो हरखलाच.

त्याचा मुलगा रविकिरण इंदिरानगरात जुन्या वस्तूंच्या दुकानात भागीदार. त्यानंच चीनचा गोटा आणून दिला आणि शब्द दिला, "अप्पा, वाटी झाली की तुमच्या नावाची पाटी लावून दुकानात ठेवतो." कारखान्यात अण्णाच्या कामावर त्याचं नाव कधी आलं नव्हतं. त्या एका पाटीसाठी त्यानं दोन वर्षं मान मोडून काम केलं. वाटी झाली गोठलेल्या तुपाच्या रंगाची, आणि काठावर सालीतून कोरलेलं एक तपकिरी पान. मी कधी अण्णाचं कौतुक करत नाही, त्या दिवशी केलं. रवी वाटी घेऊन गेला.

शहाण्णवच्या दसऱ्यानंतर आम्ही दोघं न कळवता दुकानात गेलो. अण्णानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. काचेच्या कपाटात वाटी होती, पाटीही होती: "चीन, अठरावं शतक." रवी एका गिऱ्हाइकाला तेच पान दाखवत होता. साल राखायची ही चिन्यांची जुनी रीत, म्हणे. बापाकडून ऐकलेलं बापाच्याच कामावर खपवत होता मेला. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला.

अण्णा पुढे झाला, काचेवर हात ठेवून मराठीत म्हणाला, "रवी, हे पान मी कोरलंय ना रे?"

गिऱ्हाईक वळून बघू लागलं. रवीनं बापाकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे. आणि परक्याशी बोलावं तसं कन्नडमध्ये म्हणाला, "मुट्टबेडी, यजमानरे." हात लावू नका, मालक.

"सरी, सर," अण्णाही कन्नडमध्येच म्हणाला, बरं साहेब, आणि त्यानं हात काढून घेतला.

रवी अजून सणावाराला घरी येतो, अप्पा म्हणून हाक मारतो. अण्णा त्याच्याशी बोलतो, पण कन्नडमध्ये, अगदी अदबीनं.