काळ्या अंगठ्याचं पान

परवा खोका आवरताना फ्रेंचचं जुनं पुस्तक सापडलं. एका पानावर काळा अंगठा उमटलाय आणि त्याला अजून ऑइलचा वास येतो.

अंगठा बाबांचा. आर्णीत त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी शिकायला फ्रान्सला निघणार होते, म्हणून दुकानातल्या पालथ्या डब्यावर बसून 'जाणे' या क्रियापदाची आडमुठी रूपं घोकत होते.

"काय म्हनून राह्यली?" पाना खाली ठेवत बाबांनी विचारलं.

"मी जाते, तू जातोस, ते जातात."

त्यांचा चेहरा पडला. "घरून निघताना 'जातो' नाही म्हनत, माय. 'येतो' म्हनावं. ते पह्यले शिक." आणि हात न पुसताच त्यांनी पान उलटलं.

"बाबा, पुस्तक खराब केलं!" मी चिडले. 'येणे' चार धडे पुढे होतं. तरी शिकले. बसमध्ये चढताना फ्रेंचमध्येच 'येते' म्हणाले, तर अर्थ न विचारताच त्यांनी मान हलवली.

तेव्हा वाटलं, बाबा अपशकुनाला भितात. आता वाटतं, ते माझ्याकडून कबूल करून घेत होते.

दोन वर्षांनी आईचा फोन आला, "तुहे बाबा गेले वं."

मिळेल त्या विमानानं मी आले. तीन दिवस उशिरा.