चार बोटं माया

"अरे, काप आता! कापड आहे, साप नाही."

"एकदा मोजून घेतो, ताई."

"चारदा मोजलंस. तेवढ्यात गिऱ्हाइकाची छाती वाढणार आहे का?"

"तू तुझी काजं कर!"

ताईने सुई काजात तशीच ठेवली. सव्वीस वर्षं ती धाकट्या भावाच्या शिवणाच्या दुकानात काज-बटणं करते. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात. माणूस पायरी चढेपर्यंत मास्तर नजरेनेच माप घ्यायचा. आज कापडावर खडूच्या तीन-तीन रेघा, आणि खडू तळव्याच्या घामाने ओला.

"ईसीजी चांगला आलाय ना? मग छाती का धडधडते?"

"चहा जास्त होतो."

"चहा महिन्यापूर्वी सोडलास, शहाण्या."

मास्तरने खडूची आणखी एक रेघ ओढली. ताईने टेबलाखालून तीन सदरे काढले. सैल करायला, दुरुस्तीला आलेले. तिने त्यांच्या बाजू उसवून ठेवल्या होत्या.

"शिवणीच्या आतली माया बघ. हा गेल्या वर्षीचा, एक बोट कापड राखलंयस. हा उन्हाळ्यातला, दोन. आणि हा परवाचा. चार बोटं! आत अजून एक सदरा मावेल."

"चुकलं तर सुधारता यावं म्हणून..."

"तुझं कधी चुकलंय?"

"चुकेल ना!" तो ओरडला. मग आवाज एकदम खाली आला. "कात्री उचलली की वाटतं, आता काहीतरी होणार. काय, ते कळत नाही. पोटात गोळा येतो, श्वास पुरत नाही. झोप तर उडालीच आहे. मला वेड लागलंय का गं?"

"वेडा तू लहानपणापासूनच आहेस. हे वेगळं आहे." तिने त्याचा गार हात हातात धरला. "मी हे सदरे डॉक्टरीणबाईंना दाखवले."

"सदरे? दवाखान्यात?"

"ईसीजीनंतर तू तिकडे फिरकला नाहीस, मग काय नेणार? त्या म्हणाल्या, चिंतेचा आजार असू शकतो, पण सदऱ्यांवरून सांगता येत नाही, माणूस पाठवा. असलाच तर बरा होतो, म्हणाल्या. आज पाचला बोलावलंय."

"लोक म्हणतील, मास्तरचं डोकं..."

"लोक म्हणताहेत, मास्तरचे सदरे टोचतात! जाशील ना?"

घड्याळात पाचला दहा कमी. जेवतानाही गळ्यात असणारी मापाची टेप मास्तरने काढली आणि ताईच्या गळ्यात घातली. कात्री तिच्यापुढे सरकवली. पायात चपला अडकवल्या.

"अरे, हो की नाही, बोल तरी!"

तो पायरी उतरला आणि दवाखान्याच्या बाजूला वळला.