नागवेकरांचा हात

समोरच्या माणसाच्या हातातला कागद नागवेकर उलट्या बाजूने सहज वाचत. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला अक्षरं उलटीच दिसतात, त्यामुळे त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. मी मात्र पहिल्याच भेटीत त्यात सापडले.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून वार्षिक अंकाची प्रुफं तपासायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर, गणिताच्या शिक्षिकेवर टाकलं. झाडगावातल्या त्या छापखान्यात प्रुफं येईपर्यंत मी पर्समधली एक चिठ्ठी काढून पुन्हा वाचत बसले होते. टेबलापलीकडे उभे असलेले नागवेकर म्हणाले, "साभार परत आली वाटतं. कधी धाडलेली?"

मी जरा रागानेच सांगितलं की दिवाळी अंकासाठी, गणपतीत.

"गणपतीत अंक मशीनवर चढलेला असतो, बाई. तुमची कथा कोणी उघडली पण नसंल. ह्यो नकार नाय, उशीर हाय."

माझ्या पाच कथा परत आल्या होत्या. घरी या लिहिण्याला माझं खूळ म्हणत. आणखी एक परत आली की वही कायमची मिटायची, असं मी ठरवलं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नागवेकरांना का सांगितलं, ठाऊक नाही.

नागवेकर जयगडकडचे, चौथी शिकलेले. वीस वर्षं मुंबईत एका मासिकाच्या छापखान्यात होते आणि संपादकाच्या टेबलावर कथांचं काय होतं ते रोज पाहत होते. आई थकली तेव्हा इकडे परत आले. शाळेच्या अंकाचं काम संपेपर्यंत त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. दिवाळीची कथा आषाढाआधी पोचली पाहिजे. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, दोन बोटं समास सोडायचा. सोबतचं पत्र चार ओळींचं, त्यात कथा कशावर आहे ते सांगायचं नाही, कारण ते कथेनेच सांगायचं असतं. पत्ता शेवटच्या पानावरही घालायचा, कारण पत्र कथेपासून पहिलं सुटतं. परतीचं तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. ज्या मासिकाला पाठवायची त्याचे दोन अंक आधी वाचायचे. आणि कथा परत आली की दुसऱ्या दिवशीच्या टपालाने पुढच्या मासिकाकडे. "घरात ठेवलीत तर ती तुमच्याकडं बघत बसंल."

त्यांची खरी तपासणी वेगळीच होती. मी नवी कथा दाखवायला नेली तेव्हा त्यांनी ती आठ दिवस ठेवून घेतली. जेवणाच्या सुट्टीत, मालकाच्या परवानगीने, तिचं पहिलं पान त्यांनी खिळ्यांत जुळवलं आणि त्याचं प्रूफ काढून माझ्या हातात दिलं. स्वतःचे शब्द छापलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. दोन मिनिटं फार छान वाटलं. मग एकेक वाक्य लाकडासारखं दिसू लागलं. नागवेकरांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं. "हितं माझा हात कंटाळला."

एवढंच. डोळ्याने वाचणारा पुढे पळतो, हाताला एकेक अक्षर उचलावं लागतं, म्हणून हात खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या परिच्छेदात मी फक्त पाऊस आणि आभाळ लिहिलं होतं.

तेवढा परिच्छेद काढून मी कथा पाठवली. कार्बन कॉपी ठेवा, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. पण मला शाईच्या पेनाने लिहायची हौस, आणि त्याने कार्बन उठत नाही. बॉलपेनने पुन्हा उतरवायचा मी कंटाळा केला. तीन महिन्यांनी मासिकाचं कार्ड आलं. आपली कथा कार्यालयात सापडत नाही.

मी छापखान्यात जाऊन सांगितलं की संपलं. नागवेकरांनी हातातलं काम थांबवलं नाही. "आठवंल तेवढी लिवा. आठवत नाय तां सोडा."

मी चिडून घरी आले आणि चिडूनच लिहायला बसले. अकरा पानांची कथा सात पानांत संपली. या वेळी बॉलपेन, कार्बन, समास, पाकीट, सगळं. ती आषाढाच्या आधी गेली आणि दिवाळीत छापून आली. मी अंक घेऊन गेले. त्यांनी माझी कथा खिशातला चष्मा लावून सावकाश, सरळ बाजूने वाचली आणि विचारलं, "दुसरी कुठवर आलीय?"

पाच-सहा वर्षांनी छापखान्यात ऑफसेट छपाई आली. खिळे वितळवायला गेले आणि नागवेकर गावी निघाले. मी निरोपाला गेले तेव्हा त्यांनी दोऱ्याने बांधलेली कागदाची गुंडाळी माझ्या हातात ठेवली. लांब पट्ट्यांची जुनी प्रुफं होती. माझी हरवलेली कथा, पहिल्या पानापासून अकराव्यापर्यंत. त्या आठ दिवसांत त्यांनी अख्खी कथा जुळवली होती, दाखवलं होतं फक्त एक पान.

मी विचारलं, हरवली तेव्हा का नाही दिलीत?

"तेव्हा दिली असती तर तुम्ही हीच धाडली असती."

घरी येऊन मी ती वाचली. विहिरीवरून वेगळ्या झालेल्या दोन भावांची कथा. गेलेल्या चार पानांतलं काहीही परत हवंसं वाटलं नाही. पण नवव्या पानाच्या पट्टीवर एका वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ होती: 'त्या दिवसापासून रहाटाचा आवाज एकाच घराच्या बाजूने येऊ लागला.' शेजारी त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे राहिलं. पुढं कुठं तरी घ्या.'

दुसऱ्याच वर्षी नागवेकर वारल्याचं कळलं. ते वाक्य मी आजवर तीन कथांत घालून पाहिलं. तिन्ही वेळा कथा पुन्हा हाताने उतरवताना त्या वाक्यापाशी हात अडला, आणि तिन्ही वेळा ते कथेतून बाहेर ठेवलं. चौथी कथा सध्या टेबलावर आहे.