जात्याचा खुंटा आणि बँकेचे साहेब

आमच्या गिरणीला पहिला खो मीच घातला होता, हे सांगायला मला आज मुळीच लाज वाटत नाही. त्या दिवशी मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आम्ही वाशीमजवळच्या मालेगावात राहायचो. आमचे हे वाशीमच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. दसरा झाला की कारखान्याचा मुकादम दारात हजर, आणि हे एकदा गेले की कापसाचा हंगाम संपेपर्यंत तिकडेच. इकडे मी, दोन म्हशी आणि चार एकर कोरडवाहू. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि दिवाळी आम्ही एकत्र केली होती ती एकदाच. त्याही वेळी ह्यांना ताप होता म्हणून.

त्या चैत्रात ह्यांना एक जुनं ऑइल इंजिन आणि पिठाची चक्की विकाऊ दिसली. विकणारा मृगापर्यंत थांबायला तयार होता. गावात तेव्हा गिरणी नव्हती. 'गिरणी झाली का मुकादमाले हात जोडून वापस पाठोतो,' असं हे रोज म्हणायचे आणि मी रोज ऐकायची. ह्यांनी बँकेत अर्ज टाकला. अर्जाला साठ जणांची यादी जोडली, 'गिरणी झाल्यास आम्ही दळण देऊ' म्हणून. पारावर चहा पाजून एका सकाळीत साठ सह्या-अंगठे गोळा झाले, सगळे पुरुषांचे. ह्या साठांतला जात्यावर बसलेला एक तरी दाखवा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ह्यांचा आनंद पाहून जीभ आवरली. फार दिवस नाही आवरली.

वैशाखात बँकेचे इन्स्पेक्टर आले. काळा कोट, घामाने ओली झालेली टोपी. पाणीसुद्धा न पिता त्यांनी आधी विहीर दाखवा म्हटलं. इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं, ते भर वैशाखात किती उरतं, हे त्यांनी दोर सोडून पाहिलं. मग इंजिन तासाला किती तेल पितं, तेल कुठून आणणार, पट्टा तुटला तर दुसरा कुठे मिळेल, पावसाळ्यात आजूबाजूच्या खेड्यांच्या वाटा किती दिवस बंद असतात, असं विचारत गेले. ह्यांच्याकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. शेवटी ह्यांनी मोठ्या तोऱ्यात शेताचे कागद पुढे सरकवले, तर साहेबांनी ते बाजूला ठेवले.

"हे सगळ्यात शेवटी पाहू," ते म्हणाले. "शेत विकून बँकेचे पैसे निघतील हो. पण तेव्हा तुमची गिरणीही गेलेली असेल आणि शेतही. मला गिरणी चालताना दिसली पाहिजे."

मग त्यांनी साठांची यादी वाचली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. "बाई, गिरणीच्या पिठाची भाकर तुम्ही खाता का?"

"नाही," मी म्हटलं.

हे खोकले. मी थांबायला हवं होतं. पण मला कुणी खरं विचारलं की माझ्याच्याने खोटं निघत नाही. "याईनं दोन डाव वाशीमहून पीठ आनलं. इरी गेलेलं. थापाले घेतलं का भाकरीच्या कडा फाटते. म्हशीले घातलं मी ते."

पिठातला चिकटपणा गेला की भाकर चिरते, त्यालाच आम्ही विरी गेली म्हणतो. साहेबांनी यादीची घडी घातली. "घरचं पहिलं गिऱ्हाईकच नाही म्हणतंय. मृगाआधी मी परत येईन. तोवर हे साठ अंगठे माझ्या लेखी कोरे कागद."

ते गेल्यावर हे ओट्यावर मटकन बसले. "अवं, तुले एक डाव खोटं बोलता येत नव्हतं का?"

"तुमाले एक डाव मले इचारता येत नव्हतं का?"

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला रडू आलं, पण ते अर्धं रागाचं होतं. दसरा मला आत्तापासून दिसत होता. मुकादम, ह्यांची पत्र्याची पेटी, आणि वळणावर दिसेनाशी होणारी पाठ. मी स्वतःच्या तोंडाने हे ओढवून घेतलं होतं, तर निस्तरायलाही मलाच पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी मी ज्वारी घेऊन ह्यांच्याबरोबर भाड्याच्या बैलगाडीने वाशीम गाठलं आणि तिथल्या गिरणीपाशी उभी राहिले. पीठ पडत होतं ते हात पोळेल असं गरम. लोक तसंच ते पोत्यात भरून तोंड आवळून बांधत होते. आतल्या आत घाम फुटून त्याची माती होणार नाही तर काय! मी माझं पीठ लुगड्यावर पसरलं, निंबाच्या सावलीत निववलं आणि मगच भरलं. घरी येऊन भाकर टाकली, तर टम्म फुगली. मी ती तव्यावरून काढून तशीच ह्यांच्या हातात दिली. चटका बसत होता तरी हे ती खाली ठेवेनात.

आमच्या शेजारी बांगड्या भरणारी भाभी होती. पेटारा डोक्यावर घेऊन पार केनवडपर्यंत फिरायची, आणि तिच्या हातात हात न दिलेली बाई पंचक्रोशीत नव्हती. मी तिला भाकर खाऊ घातली. खाता खाता ती म्हणाली, "जात्यानं बांगड्या फुटते म्हून तं माहा धंदा चालते. तू माह्या पोटावर पाय देऊन राह्यली, बाई." आणि पुढच्या बाजाराला आम्ही वाशीमला दळण न्यायला निघालो, तेव्हा सगळ्यात आधी तिचंच गाठोडं आमच्या गाडीत पडलं.

मग भाभीने बांगड्या भरता भरता गाव पिंजून काढलं. ज्या हाताला घट्टे दिसले त्या घरी माझ्या भाकरीची गोष्ट पोचली. बायकांच्या शंका होत्याच. आपल्या आधी कुणी मिरची दळली असेल तर? दुसऱ्याचं पीठ आपल्यात येईल तर? मी सांगितलं, आपल्याच धान्याची एक मूठ आधी दळून टाकून द्यायची, मगच दळण. वाशीमचा गिरणीवाला कुरकुरला, पण मी हटले नाही. पहिल्या बाजाराला सहा घरांचं दळण होतं. महिन्याभराने गाडीत मला बसायला जागा उरली नाही, मी चालत गेले. गाडीभाडं बायका लोण्याच्या पैशातून देत होत्या, नवऱ्याला न विचारता.

मृगाला आठ दिवस राहिले असताना साहेब न कळवता आले आणि आमच्या घरावरून सरळ पुढे निघून गेले. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब गल्लीबोळांतून घरोघर जात होते आणि माणसांना काही न विचारता 'जातं दाखवा' म्हणत होते. एका घरी जात्याच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं होतं. एका घरी त्यावर कोंबड्यांची डालगी ठेवलेली. एका ठिकाणी जातं चालू होतं, पण डाळ भरडायला. तेही त्यांनी टिपून घेतलं. असं करत ते भाभीच्या दारात पोचले. तोवर मीही धीर करून मागे जाऊन उभी राहिले होते.

"माहं जातं पाहून काय करता, साहेब?" भाभी म्हणाली. "त्याचा खुटा मी चुलीत घातला."

साहेबांची पेन्सिल थांबली. "आणि गिरणी झालीच नाही तर?"

"मंग तुमी या दळाले!"

साहेब इतके हसले की त्यांना टोपी सावरावी लागली. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आपला शेरा लिहिला आणि ह्यांनी हात जोडल्यावर मोठ्याने वाचून दाखवला. पाणी, तेल, पट्टा, गावं, सगळं त्यात होतं. शेवटची वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'एका घरी जात्याचा खुंटा जाळण्यात आला आहे. अर्जदाराची पत्नी खरे बोलते. कर्ज द्यावे.'

मी आत पळाले. चुलीपुढे उभी राहून एकटीच हसत होते आणि पदराने डोळेही पुसत होते.

इंजिन मृगाच्या तोंडावर आलं. भाभीच्या बांगड्यांचा खप काही कमी झाला नाही. दळणातून सुटलेले हात जास्तच हौशी झाले, असं ती स्वतःच सांगायची.

दसरा झाला आणि मुकादम सवयीप्रमाणे आला. इंजिनाच्या आवाजात त्याला ओरडून बोलावं लागलं. "फिटर कुठी आहे? हंगाम लागला!"

मी पिठाने पांढऱ्या झालेल्या हाताने आत दाखवलं आणि त्याच्याहून मोठ्याने ओरडले, "दळून राह्यले ते! अन् औंदा दिवाळी घरीच करून राह्यले!"