बाईंची हरकत

सुनावणीत मी खोटं बोललो. कुणी दबाव आणला नव्हता, कुणी पढवून पाठवलं नव्हतं. पालिकेच्या अधिकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला, की सोसायटीतल्या कुणाची झाडं हटवण्याबद्दल हरकत आहे का. मी सेक्रेटरी होतो. मी म्हणालो, "नाही साहेब, सगळ्यांची संमती आहे."

हरकत होती. तळमजल्यावरच्या बाईंची. पालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, म्हणून आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. सातवीत माझं गणित कच्चं होतं, तेव्हा त्यांनीच मला रोज संध्याकाळी घरी बसवून शिकवलं होतं. गेटजवळचा पिंपळ त्यांचा. कंपाउंडच्या भिंतीत उगवलेलं रोप त्यांनी आणि त्यांच्या मिस्टरांनी हलक्या हाताने सोडवून मातीत लावलं होतं. दर बुद्धपौर्णिमेला त्या बुंध्याशी मेणबत्त्या लावत, आसपासची काही बौद्ध कुटुंबं जमत, वंदना होई, आणि मग खिरीची वाटी आमच्याही घरी येई.

रिडेव्हलपमेंट ठरलं आणि नकाशात नेमका तिथेच पार्किंगचा रॅम्प आला. पिंपळावर पालिकेची नोटीस लागली. बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, रॅम्प दुसऱ्या बाजूने नेता येणार नाही का. येणार होता. आर्किटेक्टनेच तसं सांगितलं होतं. फक्त नकाशा बदलला असता, मंजुऱ्या पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या आणि काम रखडलं असतं. बाई स्वतः सुनावणीला यायला निघाल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखत, वॉर्ड ऑफिसचे जिने चढवत नसत. मी म्हटलं, तुम्ही कशाला दगदग करता, मी आहे ना, तुमचं म्हणणं मी मांडतो.

"नक्की मांडशील ना रे?"

"नक्की, बाई."

तेव्हा माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवायचं. ते डोळे मिटून घेत, आणि प्रत्येक वळणावर मला वाटे, आता हात सुटणार. नवी इमारत लवकर व्हायला हवी होती. हे कारण मी पुढे पुष्कळ जणांना सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. कमिटीत त्या पिंपळाचा विषय निघाला की आम्ही 'त्यांचं झाड' म्हणायचो. मीही म्हणायचो. त्याच बुंध्याला शेंदूर फासलेला असता, तर रॅम्पची जागा पहिल्याच बैठकीत बदलली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

शिवाय पिंपळ तोडायचा म्हटल्यावर आमच्यातल्या एकाचाही धीर होईना. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांनी बजावलं होतं, पिंपळाला कुऱ्हाड लावू नका. मग पुनर्रोपणाची परवानगी निघाली. झाड मरणार नव्हतं, फक्त देवनारच्या बाजूला एका मोकळ्या जागेत जाणार होतं. इमारत रिकामी झाल्यावर, क्रेन यायच्या आधी, आम्ही गुरुजी बोलावले. सेक्रेटरी म्हणून पूजेला मीच बसलो. बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडून क्षमा मागितली. उठताना कमिटीतला एक जण म्हणाला, "चला, पिंपळाची एनओसी मिळाली." सगळे हसले. मीही हसलो.

बाई तोवर कुर्ल्याला मुलीकडे राहायला गेल्या होत्या. अधूनमधून त्यांचा फोन येई. वडिलांची चौकशी करून झाली की विचारत, झाड कसं आहे. मी म्हणे, आहे, बाई. झाड जागेवरच आहे असं त्या धरून चालत, आणि मी तो समज मोडला नाही. दरम्यान मी एकदा देवनारला जाऊन आलो होतो. फांद्या छाटून टाकलेलं, गोणपाट गुंडाळलेलं एक खोड तिथे उभं होतं. एकही पालवी नव्हती.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला सकाळी त्यांचा फोन आला. त्या जुन्या गेटवर आल्या होत्या. उंच पत्रे आणि वर हिरवी जाळी लावलीय, आतलं काही दिसत नाही, वॉचमन आत सोडत नाही, म्हणाल्या. पाच मिनिटं मेणबत्ती लावू दे म्हणावं, तू सांग त्याला. फोन वॉचमनकडे द्या, एवढंही माझ्या तोंडून निघेना. मी येतो म्हटलं आणि रिक्षा पकडली. रिक्षात मी उत्तरं जुळवत होतो. बिल्डर ऐकेना. नकाशा आधीच मंजूर होता. पालिकेचा नियमच तसा. प्रत्येक उत्तर ऐकायला बरं वाटत होतं, आणि प्रत्येकातून मी सुटत होतो.

बाई पांढऱ्या साडीत वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर खिरीचा डबा, हातात मेणबत्त्यांची पिशवी. मला पाहून वॉचमनला म्हणाल्या, "आला बघ आमचा सेक्रेटरी. गणितात कच्चा होता, पण शब्दाचा पक्का. उघड आता."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"बाई, पिंपळ आत नाही," मी म्हणालो. मग देवनारचं सांगितलं. गोणपाटाचंही सांगितलं.

त्यांनी पत्र्यांकडे पाहिलं. आत काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. मग त्यांनी डबा मांडीवरून उचलून खाली पायाशी ठेवला आणि मलाच समजावल्यासारखं विचारलं, "पालिकेने ऐकलं नाही का रे तुझं?"

हो म्हणालो असतो तर त्यांनी विश्वास ठेवला असता. उलट माझीच समजूत काढली असती.

"पालिकेला मी सांगितलंच नाही, बाई. कुणाची हरकत आहे का म्हणून त्यांनी विचारलं, तर मी नाही म्हणालो. तुम्ही येणार होता, तर तुम्हालाही मीच थांबवलं. झाडापुढे नारळ फोडून क्षमा मागितली, तुमच्यापुढे यायची हिंमत झाली नाही. माझं चुकलं. मला माफ करा."